आक्काच्या मानेवरचा डाग

आक्काला आपल्याच घरानं मारलं.

चौकातल्या फ्लेक्सवर 'अल्पशा आजाराने' असं छापलंय. खोटं आहे. नातेवाइकांनी कमेंटमध्ये फुलं टाकू नयेत.

आक्का म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण. महाळुंग्याची.

पन्नासच्या दशकात, लहानपणी, तिच्या मानेला टीबीच्या गाठी आल्या. पुण्याला नेऊन मशीनखाली किरणं दिली. तेव्हा देत असत.

गाठी गेल्या. डाग राहिला.

टीबीच्या पोरीशी लग्न कोण करणार? घरानं ठरवलं, पोरगी चुलीपाशी भाजली.
तिचा नवरा मरेपर्यंत तेच समजून होता. मीसुद्धा.

गेल्या वर्षी त्याच डागाखाली गाठ आली. आकुर्डीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "इथे कधी रेडिएशन घेतलंय?"

आजोबा म्हणाले, "न्हाई वो. ल्हानपणी भाजलंय."

आक्का पदर मानेवर ओढून खाली बघत राहिली.

मग मलम. ड्रेसिंग. पुन्हा मलम. बायोप्सी केली तर रिपोर्ट अर्धवट, 'नक्की सांगता येत नाही'. गाठ वाढतच होती.

शेवटी पुण्यात एका डॉक्टरबाईंनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि आक्काला एकटीला विचारलं. तेव्हा तिनं सांगितलं.

पुन्हा तुकडा काढला, खोलवरून. सार्कोमा. किरणं दिलेल्या जागी कित्येक वर्षांनी, क्वचित कुणाला होणारा कॅन्सर.

"हे आधी कळलं असतं तर आम्ही आधी हेच शोधलं असतं," बाई म्हणाल्या.
तोवर तो फुफ्फुसात पोहोचला होता.

"आक्का, आकुर्डीला का नाही बोललीस गं?"
"दादा बोलत हुता की. त्याच्याम्होरं कशी बोलू?"

परवा आजोबांना जाब विचारला. म्हणाले, "आता उकरून काय उपेग? तुझ्या बहिणीचं लगीन ठरलंय."

अजून लग्नच!

बहिणीला विचारूनच हे टाकतोय. ती म्हणाली, "टाक रे दादा. एवढ्यानं मोडणारं असलं तर मोडू दे."

फ्लेक्सवरच्या फोटोतला डाग चुलतभावांनी मोबाईलवर पुसून टाकलाय. छान काम केलंत, भावांनो.

खालचा फोटो मूळचा आहे. डागासकट.

आक्का, तू भाजली नव्हतीस. आता सगळ्यांना माहीत आहे.
पदर सोड आणि सुखानं जा.