कुरव आणि पांढरे कॅन

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी व्हर्लन टिडमोरने धरणाच्या मधोमध बोट थांबवली आणि चौथ्यांदा चष्मा पुसला. दोष चष्म्यात नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि ऑक्टोबरपासून त्याने ते सगळ्यांपासून लपवलं होतं. बायको ओलेटापासून आणि आता बोटीत मागे बसलेल्या तिच्या भावापासून, डॉइलपासूनही.

थंडीत बास मासा खोल जातो, सुस्तावतो. बाकीचे लोक त्याला यंत्राच्या पडद्यावर शोधत. व्हर्लन आभाळात शोधी. कुरव, ते पांढरे पाणपक्षी, पाण्यावर सूर मारू लागले की खाली शॅड, ती चांदीसारखी बारकी मासळी. आणि शॅडच्या खाली बास. कागद गिरणीत एकतीस वर्षं पाळ्या केल्या, तरी उत्तर अलाबामातल्या त्या काठावर त्याची ओळख एकच होती: पाखरं वाचणारा माणूस.

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती. त्याचे वडील तसल्याच शस्त्रक्रियेनंतर मरेपर्यंत अंधारात बसून राहिले होते. म्हणून व्हर्लनने मनाशी ठरवलं होतं, आज कुरव दिसले तर डोळ्यांना काही झालेलं नाही.

"ते बघ! दहा-बारा बसलेत," तो ओरडला आणि त्याने बोट सुसाट सोडली.

जवळ गेल्यावर डॉइल म्हणाला, "व्हर्लन, तुझ्या कुरवांना झाकणं आहेत."

कुणीतरी कॅटफिशसाठी गळ बांधून सोडलेले प्लास्टिकचे पांढरे कॅन होते ते. डॉइल पोट धरून हसला. मग एकदम थांबला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"दिसेनासं झालंय."

"ऊन डोळ्यांवर होतं."

"ऊन आपल्या पाठीशी आहे, लेका."

व्हर्लनने रागाने इंजिन बंद केलं. त्याला एका जागी बसवेना. तो उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. वारा डाव्या गालाला लागत होता; दोन दिवस तो नैर्ऋत्येचाच होता, म्हणजे वरचं ऊबदार पाणी पलीकडच्या काठाला लोटलं गेलं असणार आणि त्यामागे शॅडही. त्याने कान दिला. लांबून पाखरांचा कलकलाट आला. त्याखाली, पाण्यात मूठभर तांदूळ फेकावेत तसा आवाज. शॅड उसळत होती!

तो त्या आवाजावर निघाला. भरधाव.

"डावीकडे! खुंट!" डॉइलने झेप घेऊन चाक फिरवलं. हिवाळ्यात पाणी उतरवतात तेव्हा बुडालेल्या रानाचे खुंट वर येतात. त्यातला एक, काळा, भिजलेला, हातभर अंतरावरून गेला. व्हर्लनला तो मागे पडल्यावरच दिसला.

पुढच्या वळणापलीकडे कुरव खरोखरच पाण्यावर तुटून पडत होते. दुसऱ्याच फेकीला दोन किलोचा बास लागला. व्हर्लनने त्याचा थंडगार जबडा अंगठ्याने धरला, वजन अजमावलं आणि मासा परत सोडला.

"बघितलंस? डोळ्यांची गरजच काय?"

"मासा कानांनी सापडतो," डॉइल म्हणाला. तो आता हसत नव्हता. "खुंट सापडत नाही. आणि बोटीत मीही असतो."

व्हर्लनने पुन्हा गळ फेकला आणि लगेच गुंडाळून घेतला. पाखरं डोक्यावर ओरडत होती. असे कुरव सोडून तो आयुष्यात कधी परतला नव्हता. शेवटी त्याने किल्ली काढून डॉइलच्या हातात कोंबली आणि मागच्या बाकावर जाऊन बसला.

"हळू चालव. आणि ओलेटाला मी सांगणार. तू तोंड उघडायचं नाहीस."

"काय सांगणार?"

"डॉक्टरांची वेळ घे म्हणून. गुरुवारची. त्यापुढची नको, माझा विचार बदलेल."

परतताना तो सारखा चुळबुळत होता.

"डॉइल, ते उजवीकडे पांढरं काय?"

"कॅन."

"आणि त्याच्या पलीकडे?"

"पाखरं."

व्हर्लनने वाकून, डोळे बारीक करून पाहिलं. दोन्ही सारखंच दिसत होतं.