दाभणानं उघडलेली खिडकी

आष्टीकडच्या आमच्या गावात लागोपाठ दुष्काळ पडले. त्या वर्षांत खिडकीतून पाणीही आत येऊ शकतं, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. यायची ती धूळ. लोखंडी खिडकीच्या चौकटीतल्या खालच्या पन्हाळीला बाहेरच्या अंगानं बारीक भोकं होती, त्यांतूनही ती घुसायची. म्हणून दर दसऱ्याला घर रंगवताना ती भोकं लांबीनं, म्हणजे रंगाऱ्याच्या पुट्टीनं, बुजवायची, हा आमच्या घरचा रिवाजच होऊन बसला.

थोरली वहिनी तेव्हा बायकांच्या दूध संस्थेची अध्यक्ष. संस्थेला गोदाम नव्हतं, म्हणून सभासदांच्या म्हशींची सरकी पेंड आमच्याच बैठकीत, खिडकीखाली रचलेली. रानात हिरवी काडी नव्हती. गावाचं दूध त्या पोत्यांवर चाललं होतं. आणि पेंड भिजली की बुरशी आलीच.

एका दुपारी परतीचा पाऊस आला, तोही आडवा. पन्हाळ भरली आणि धार लागली ती थेट वरच्या पोत्यावर. त्या वेळी घरातला कर्ता पुरुष मी, निदान माझा तसा समज. पोतं ओढायला गेलो. ते जागचं हललं नाही, माझी कंबर हलली. मग फटीत टॉवेल कोंबला, चादर कोंबली, शेवटी अंगातला सदरा. पाणी वाढतच गेलं.

वहिनी गोठ्यातून धावत आली. "काय करायलाव, भावजी?"

"पाणी अडवायलोय."

"आवो, त्याला भाईर जायला वाट न्हाई, म्हनून तर घरात यायलंय!"

पोती शिवायचा दाभण घेऊन ती भर पावसात बाहेर गेली आणि वर्षानुवर्षांची लांबी उकरू लागली. भस्सकन पाणी बाहेर सुटलं. आतली धार थांबली. मी उघडाबंब, तोंड वासून बघतच राहिलो.

वरचं एक पोतं मात्र भिजलंच. संध्याकाळी बायका दूध घालायला आल्या, तेव्हा वहिनीनं सगळ्यांदेखत ते बाजूला ओढलं. "हे आमच्या वाट्याचं."

"आगं बाई, वलं तुज्याच म्हशीला कावून?" एका म्हातारीनं विचारलं.

"खिडकी कुनाची हाय?"

त्यातलं निम्मं उकिरड्यावर गेलं. आमच्या म्हशी कडब्यावर आल्या, दूध आटलं. अध्यक्षांच्या घरची किटली सगळ्यांत हलकी, म्हणून बायका चेष्टा करायच्या, वहिनीही हसायची. ती किटली संस्थेत पोचवायचं काम माझ्याकडं आलं. माझ्या कंबरेला झेपेल असं तेवढंच होतं.