पिवळीचा एकच भाव

गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या खिशात संध्याकाळी काहीतरी सापडतंच. एखादा नट, एखादा वॉशर, मोडकी पेन्सिल. मुद्दाम कुणी भरत नाही, पण घरी येऊन खिसा उलटा केला की सगळं खळखळत बाहेर येतं. किस्स्यांचंही तसंच. त्या एका वर्षात माझा खिसा फाटायला आला होता, कारण त्या वर्षी आम्ही मरोळमध्ये स्पोर्ट्‌स कार विकत होतो! म्हणजे, विकायला बसलो होतो.

आधी माणसं सांगतो. माणसं तीनच. चार वर्षं इंग्लंडात मोटार इंजिनियरिंग शिकून परत आलेला मी. शाळेपासूनचा मित्र दिन्या. शेड त्याच्या मामांची. आणि तातू परब. तातूकाका मूळचे मालवणकडचे, गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली आणि ते आमच्याकडे आले. कंपनीचं कोरं इंजिन आणि गिअरबॉक्स आणून त्यावर त्यांनी सात महिन्यांत हाताने फायबरची बॉडी चढवली. दोन सीटची, जमिनीला चिकटलेली, लिंबासारखी पिवळी. तिला आम्ही पिवळीच म्हणायचो.

तेव्हा नव्या गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. नंबर लागला की तोच दुसऱ्याला वर पैसे घेऊन विकायचे. मला या सगळ्याची चीड होती. मी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली आणि गेटवर टांगली: ‘किंमत एक लाख दहा हजार. सर्वांना एकच भाव. घासाघीस नाही.’

तातूकाकांनी ती दोनदा वाचली. म्हणाले, "झिला, ह्या वाचून गिराईक खूश होतला. पण भितर येवचा नाय."

मामांची अट सरळ होती. दसऱ्यापर्यंत पहिली गाडी विका, नाहीतर शेड खाली करा, मला गोडाऊन काढायचंय. माझीही एक अट होती, ती मी भर चहाच्या टपरीवर जाहीर केली होती. पिवळी पाटीवरच्या भावापेक्षा एक रुपया जरी खाली गेली, तर मी परत जाणार. परतीचं तिकीट ड्रॉवरमध्येच होतं, दिवाळीपर्यंत चालणारं.

दिन्या म्हणाला, "यार, तू गाडी विकतोयस की व्रत करतोयस?"

*

पहिलं गिऱ्हाईक घाटकोपरचे एक शेठ. भांड्यांचे मोठे व्यापारी, तीन दुकानं. आले, पिवळीभोवती एक फेरी मारली आणि बोटाने बॉनेटवर टकटक केलं. कान लावून आवाज ऐकला, जणू पातेलंच घ्यायला आलेत!

"पत्रा नाही?"

"नाही शेठ, फायबर."

"वजन किती?"

मी छाती फुगवून सांगितलं, "फक्त साडेसहाशे किलो!"

"आणि रस्त्यावरची साधी गाडी?"

"नऊशे."

शेठनी डोळे मिटून हिशेब केला. "मग साधीच्या भावात अडीचशे किलो कमी करा. काय होतात ते सांगा."

मी हादरलो. म्हटलं, शेठ, स्पोर्ट्‌स कार हलकी असते म्हणूनच पळते. हलकेपणाचेच तर पैसे! ते म्हणाले, हलका माल, हलका भाव. चाळीस वर्षं हेच चाललंय. मग मात्र मला राहवेना. खडू घेतला, जमिनीवर बसलो आणि वजन, ताकद, वेग अशी समीकरणं मांडली. बाण काढले, आलेख काढला. अर्धी शेड पांढरी केली. शेठ शांतपणे एका ड्रमवर बसून शेवटपर्यंत ऐकत होते. एकदा तर त्यांनी शंकाही विचारली!

अर्ध्या तासाने ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "फार छान समजावतोस, बेटा. माझ्या नातवाला गणित शिकवायला येशील? फी तू सांग. मी भाव करणार नाही."

*

त्यानंतर तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. मला बसवत नव्हतं. गेटपर्यंत जायचं, रस्ता बघायचा, परत येऊन पिवळीवर फडकं मारायचं. तातूकाका ओरडले, "अरे पुसून पुसून रंग काढशील तिचो!"

आणि मग एक सिनेमाचा निर्माता आला. मढला बंगला घेऊन त्याचं शूटिंग चाललं होतं. काळा चष्मा, पांढरे बूट. त्याने पाटी वाचली, पिवळी पाहिली आणि म्हणाला, "एक लाख दहा? डन."

दिन्याने माझा दंड इतक्या जोरात दाबला की दोन दिवस दुखत होता. घासाघीस नाही, कुरकुर नाही! मला वाटलं, हाच तो नवा भारत. मी पावतीपुस्तक शोधायला धावलो.

तेवढ्यात निर्मात्याने वाकून बॉडीचा वास घेतला. "फायबर ना? पेटतं ना झकास? क्लायमॅक्सला व्हिलन हिच्यासकट जळतो. एकच टेक आहे, पिवळ्यावर ज्वाळा काय उठून दिसतील!"

किंमत पूर्ण मिळत होती. तत्त्व शाबूत होतं. शेड वाचत होती. दिन्या माझ्याकडे बघत होता, मी दिन्याकडे.

तातूकाका कोपऱ्यातून पॉलिशपेपर हातात घेऊन आले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "सायबानू, हिका रंगाचे सात हात मारलंय. आठवो तुमच्या थोबाडार मारतंय. मगे दोघांकय पेटवया. बगूया, कोण उठून दिसता!"

पांढरे बूट मरोळ नाक्यापर्यंत पळत गेले.

*

घरी बोरिवलीला आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुझी पाटीच वाईट आहे."

"वाईट? अगं, सगळ्यांना सारखा भाव. कुणाची फसवणूक नाही!"

"ते तुझं ठीक आहे रे. पण मी बाजारात मासळीवालीशी भाव केला नाही ना, तर तिला वाटेल माझं काहीतरी बिनसलंय. एकदा घाईत होते, मागितले तेवढे दिले आणि निघाले. तर ती मागून हाक मारून विचारते, ‘काय गं ताई, घरी सगळं बरं हाय ना?’"

मी म्हटलं, याच मानसिकतेमुळे आपला देश मागे आहे. आईने गवार माझ्यापुढे सरकवली. "देश पुढे नेता नेता तेवढी निवड."

*

आता डॉक्टरांचा किस्सा. हा सांगताना मला अजून कानकोंडं होतं.

बोरिवलीचे एक डॉक्टर, चांगला चालणारा दवाखाना, वेगाची हौस. त्यांना पिवळी हायवेला पळवून बघायची होती. आम्ही दहिसर नाक्याच्या पुढे बरंच लांब गेलो. काय पळाली! डॉक्टर लहान मुलासारखे हसत होते. म्हणाले, "जवळजवळ ठरलंच समजा."

परत येताना जकात नाक्यावर दांडा खाली. कारकून बाहेर आला. नवी कोरी गाडी शहरात येते आहे, जकात भरा.

मी म्हटलं, "अहो, ही मरोळलाच बनलीये. घरी चाललीये!"

"मरोळला असली गाडी कोण बनवतो? फॉरेनची आहे. चार लाख किंमत लावतो."

चार लाख! त्यावर जकात! माझ्या डोक्यात संतापाची तिडीक गेली. एकीकडे थोडा आनंदही झाला, ते खोटं कशाला सांगू. "एक लाख दहा हजार आहे हिची किंमत," मी म्हटलं.

"तीन करू."

"एक दहा!"

"अडीच. तुम्ही शिकलेले दिसता म्हणून."

"एक दहा!"

"असं कसं साहेब? मी दीड लाख खाली आलो, तुम्ही जागचे हलत नाही. काही रीत आहे की नाही?"

मागे ट्रकांची रांग लागली होती, भोंगे वाजत होते, ऊन डोक्यावर. मला काय झालं कुणास ठाऊक. मी गाडीवर हात आपटला आणि ओरडलो, "नव्वद! नव्वदच्या वर एक पैसा किंमत नाही हिची! फायबर आहे नुसतं! हलका माल!"

कारकुनाचा चेहरा खुलला. "आता कसं बोललात! दोन."

"पंच्याण्णव!"

"सव्वा."

"एक!"

"एक दहा. फायनल."

"फायनल!"

आम्ही हात मिळवले. मी घामाघूम, पण जिंकल्यासारखा. बरोबर खरी किंमत पावतीवर लिहून घेतली होती! मी गाडीत येऊन बसलो.

डॉक्टर समोर बघत होते. अगदी सौम्यपणे, रोग्याला विचारतात तसं, त्यांनी विचारलं, "मग मला नव्वदला द्यायला काय हरकत आहे?"

दवाखान्यापर्यंत मी त्यांना तत्त्व समजावत होतो. उतरताना त्यांनी मला एक गोळी लिहून दिली. झोपेची.

*

खंडेनवमी उजाडली. दुसऱ्या दिवशी दसरा. मामांनी गोण्या ठेवायला फळ्या आणून गेटशी टाकल्या होत्या. तातूकाकांनी आपल्या कानशी, पटाशा, हातोड्या ओळीने मांडून हळदकुंकू लावलं. पिवळीला झेंडूचा हार घातला. मी ड्रॉवर उघडून तिकीट बघितलं, बंद केला. परत उघडला.

"ठेव ते," तातूकाका म्हणाले. "ते काय बगण्यासारख्या नाय."

तेवढ्यात गेटशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोली, हातात सोन्याच्या जाड बांगड्या, काखेत पिशवी. मनोरीच्या. दोन होड्या स्वतःच्या आणि बोरिवलीच्या बाजारात मासळीचा ओटा. त्यांनी दिन्याकडून पाटी वाचून घेतली आणि आत आल्या.

पिवळीभोवती फिरल्या नाहीत. टकटक केली नाही. दार उघडून सरळ आत बसल्या, मांडीवर पिशवी घेऊन. पाच मिनिटं काचेतून समोर बघत राहिल्या.

"कोण चालवणार, मावशी?" दिन्याने विचारलं.

"पोऱ्या. जहाजावर हाय. तीन वर्सं आला नाय. कागद धाडतो, गाड्यांचे फोटो धाडतो. अशीच एक हाय त्यात, पिवली." मग माझ्याकडे वळल्या. "तू पन बाहेर व्हतास ना रं? बाजारात आयकलं."

"हो."

"आलास ते बरं केलंस." आणि पिशवी माझ्या हातात दिली. "मोजून घे. एक लाख दहा."

पिशवीला सुकटीचा वास येत होता. मी पाटीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "मावशी, एक लाख पाच द्या."

दिन्याने कपाळावर हात मारला.

"का रं? गाडीत खोट हाय?"

"खोट नाही. पण तुम्ही एक तीन द्या."

"तू पाटीवर काय लिवलंय?"

"ते असू दे. एक लाख!"

मावशी गाडीतून उतरल्या. पदर खोचला. "हे बघ, एक दहा घेतोस तर घे. नायतर मी चालले."

त्या खरंच गेटच्या दिशेने निघाल्या! मी मागून धावलो. "मावशी, एक पाच! शेवटचं!"

"एक दहा."

"एक सात!"

"एक दहा. आनि एक सबुद खाली बोललास तर व्हडीवर नेऊन बुडवीन!"

तातूकाका इतके हसले की त्यांना ड्रमवर बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाले, "घे रे झिला, घे! तुजीच पाटी आसा ती!"

मी एक लाख दहा घेतले. पावती केली. दिन्या पिवळी चालवत मनोरीला पोचवायला निघाला. मावशी शेजारी बसल्या आणि काच खाली करून म्हणाल्या, "आता वर काय घालतोस?"

"वर?"

"मी गिराइकाला मासलीचा वाटा दिला की वर दोन बोंबील टाकते. तू काय टाकतोस?"

शेडमध्ये दुसरं होतं काय? मी इकडेतिकडे बघितलं. त्यांनीच गेटकडे बोट दाखवलं. "ती पाटी दे."

पाटी मांडीवर आडवी धरून मावशी गेल्या. मामांच्या फळ्या तातूकाकांनी दुसऱ्या गाडीचा साचा करायला कापल्या.

दिवाळीनंतरच्या रविवारी आईबरोबर बोरिवलीच्या बाजारात गेलो. मावशींच्या ओट्यावर, पापलेटांच्या बरोबर वर, माझी पाटी टांगलेली होती. किंमत विळ्याने खरवडून काढलेली, बाकी जशीच्या तशी: सर्वांना एकच भाव. घासाघीस नाही.

तिच्याखाली आई आणि मावशी वीस मिनिटं भांडत होत्या.