घट्ट दुपटं

उज्वलाची आणि माझी ओळख नाशिकच्या एका रुग्णालयात काचेबाहेर उभं राहून झाली. आत तिचा अथर्व आणि माझी सई, दोघंही फार लवकर जन्मलेली. उज्वला सटाण्याच्या कांदा व्यापाऱ्यांची सून, नवरा शेखर नाशिकलाच, अंबडच्या कंपनीत. टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत दोन्ही बाळं ठीक दिसली. पुढे एमआरआय झाला. दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून त्यांना यंत्रात झोपवलं. सईचा रिपोर्ट चांगला आला. अथर्वच्या मेंदूतल्या पांढऱ्या भागाला, म्हणजे मेंदूचे हुकूम हातापायांपर्यंत नेणाऱ्या तारांना, इजा झाली होती. डॉक्टर म्हणाले, दोष कुणाचाच नाही, पण पाय कडक होऊ शकतात, व्यायाम आत्ताच सुरू करा.

तो सुरूच झाला नाही. दीर वाल्मीकचं लग्न जमत होतं. घराण्यात खोट आहे असं मुलीकडच्यांना वाटायला नको, म्हणून सासू सुलाबाईंनी एमआरआयची फिल्म कपाटात घातली आणि मायलेकरांना सटाण्याला नेऊन ठेवलं. शेखर मला फोनवर म्हणाला, ताई, लग्न होऊ द्या, मग बघू. इंजिनीअर माणूस. त्याचा आवाजही मला नकोसा झाला.

अथर्वच्या जावळाला मी सईला घेऊन सटाण्याला गेले. भर एप्रिल. अथर्व मामाच्या मांडीवर, काखेपासून तळव्यांपर्यंत जाड दुपट्यात आवळलेला, घामानं निथळत रडत होता. वाल्मीकसाठी पाहिलेल्या मुलीची आईही आली होती, ती म्हणाली, जरा सैल करा की. सुलाबाई हसल्या. "त्याले थंडी लागस."

घरच्या बायकाही हसल्या. एका चुलत सासूनं सईचे पाय चाचपले आणि हळूच म्हणाली, हिचे बरे सुटे आहेत. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

उज्वला स्वयंपाकघरातून आली, खाली बसली आणि तिनं दुपटं सोडलं. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले, पावलं ताठ. मुलीच्या आईकडे बघत ती म्हणाली, "लवकर जन्मला, म्हणून मेंदूला इजा झालीय. घराण्यात खोट नाही. याला व्यायाम हवाय, आणि ही माणसं तो करू देत नाहीत."

न्हाव्याचा हात थांबला. सुलाबाईंनी काय करावं? दुपटं ओढून पुन्हा त्या पायांवर टाकलं. उज्वलानं ते उचललं, त्यातच बाळाचे कपडे बांधले आणि माझ्यासोबत नाशिकच्या बसमध्ये बसली.

वाल्मीकचं लग्न मोडलं नाही. मुलीकडचे म्हणाले, असं कुणाच्याही घरी होऊ शकतं. म्हणजे अथर्वचे ते महिने उगाचच वाया गेले होते. आणि सुलाबाई आता लोकांना सांगतात, सुनेला उपचारासाठी नाशिकला मीच पाठवलं. लग्नाच्या मांडवातही सांगत होत्या, पेढा हातावर ठेवत. मी तो बाहेर येऊन टाकला.

अथर्वचे पाय व्यायामानं थोडे सैल झालेत. चालेल का, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. उज्वला विचारायचं थांबलीय, रोज त्याला व्यायामाला घेऊन जाते. सई शेजारी झोपलीय. रिपोर्ट चांगला आहे, तरी लिहिता लिहिता मी तिचे पाय पुन्हा एकदा वेगळे करून पाहिले.