भरल्या पोटाची धास्ती

चेंदणी कोळीवाड्यातल्या मनुबाईने चाळीस वर्षं मासळी विकली होती. पोट भरलेली मासळी आधी फुटते आणि आधी कुजते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच १९९१ साली ठाण्याच्या एका इस्पितळात नवऱ्याच्या, गुणाजीच्या, आतड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याचं पोट रिकामंच ठेवायचं तिने ठरवलं. टाके उसवतील या धास्तीने ती त्याच्यासाठी आलेली पेज आणि दूध तीन दिवस गुपचूप मोरीत ओतत राहिली.

चौथ्या दिवशी गुणाजी तापाने फणफणला. डॉक्टर सबनीसबाई आल्या, तेव्हा तिने रडत रडत सगळं ओकून टाकलं.

"अहो, ते काय टोपलीतला मासा आहेत?" बाई कडाडल्या. "आधीच दोन महिने धड जेवले नाहीत, त्यात पोट फाडलेलं. अन्नावाचून आतड्याचं अस्तर झिजतं, मग आतले जंतू रक्तात शिरतात. इंजेक्शन मी देते, पण भरवायचं तुम्ही."

"आनि फुटला तं, बाय?"

"उपाशी ठेवलंत, तर जीवच जाईल."

मनुबाईने चमचा उचलला. पहिला चमचा तिने जेमतेम निम्माच भरला आणि त्याच्या ओठांशी नेला. गुणाजीने डोळे किलकिले केले.

"का गो, आता आठवन झाली माझी?"

"गप गिळ मेल्या," ती पुटपुटली आणि तिने दुसरा चमचा भरला. डावा हात मात्र त्याच्या पोटावरच्या पट्टीशेजारी, काही फुटतंय का ते चाचपत राहिला.