प्रवाळांसाठी दिवा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी दिवा निवडायला आम्ही दोघं माशांच्या दुकानात गेलो होतो. टाकी यांची. त्यातले सूक्ष्म जीव वसलेले जिवंत खडक, त्यांवर वाढणारे प्रवाळ, सगळं यांनी हौसेनं जमवलेलं. गेल्या वर्षभरात यांची नजर अधू होत गेली, आणि जुना दिवा मंदावलाय हे माझ्याही उशिराच लक्षात आलं.

"निळा घ्या," दुकानदार म्हणाला. "प्रवाळ त्यावरच जगतात. नुसत्या पांढऱ्यानं शेवाळ माजतं."

त्यानं नमुन्याच्या टाकीवरचा दिवा लावला. कपारींतले हिरवे, जांभळे तुरे पेटल्यासारखे उजळले. हे काचेला नाक लावून उभे होते. थोड्या वेळानं म्हणाले, "लावा ना मग."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

प्रवाळांना डोळे नसतात, हे मला यांनीच कधीतरी सांगितलं होतं. तरी उजेड त्यांच्या अंगात मुरतो, त्यांना जगवतो. माणसाला मात्र उजेड आत यायला दोनच दारं.

निळाच घेतला. घरी मी तो बसवला. हे खुर्ची ओढून समोर बसले.

"सांग, कसं दिसतंय?"

मी एकेक रंग सांगत गेले.

"आणि कोपऱ्यातला गुलाबी? तो सगळ्यांत खुलला असेल."

तो तर जुन्या दिव्याखालीच पांढराफटक पडून मेला होता.

"हो," मी म्हटलं. "छान खुललाय."

यांनी समाधानानं मान डोलावली. मला हुंदकाही देता येईना. तो यांना ऐकू गेला असता.