गिरणीतले रंधे

विश्रामबागेतले आमचे शेजारी फौजेतून निवृत्त झालेले. माझ्याशी बोलताना दर वाक्य "काय, गड्या?" असं विचारून संपवायचे. सुतारकामाच्या जुन्या हत्यारांचं त्यांना भारी वेड. एका रविवारची सहल त्यांनी महिनाभर आखली होती: पहिल्या एसटीनं आष्टा, तिथली वाफेच्या इंजिनावर चालणारी जुनी लाकूड-गिरणी बघायची आणि संध्याकाळी परत.

आम्ही पोचलो तेव्हा गिरणी कधीच बंद पडली होती आणि तिच्या मालकीणबाई सगळी हत्यारं भंगारवाल्याच्या गाडीत चढवत होत्या. "गंजल्यात. आता कोण वापरतंय?"

शेजाऱ्यांनी वाद घातला नाही. "आवं वैनी, एक रंधा घिऊ का?" म्हणत त्यांनी गाडीतला एक उचलला, दगडावर पातं घासलं आणि पडलेल्या सागाच्या फळीवर रंधा मारला. पातळ, लांबलचक ढलपी वेटोळं घेत बाहेर आली.

बाईंनी ती उचलून नाकाशी धरली. "आमच्या मालकांच्या अंगाला असाच वास यायचा," त्या हळूच म्हणाल्या. मग भंगारवाल्याकडं वळल्या. "उतरव रं समदं. द्यायचं न्हाई."

हत्यारं उतरवायला शेजारी सगळ्यांत पुढं. हातात करवत, छाती ताठ, जणू परेडलाच निघाले होते.